पदवीनंतरचा निकालही जाहीर करा

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

सादर नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीचा निकाल लागला की प्रवेशाची चौकशी करायला पालक येतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारं ते पहिलंच मूल असतं. प्रश्न साधा असतो. "मॅडम, तुमच्याकडून बीएस्सी झालेली पोरं पुढं काय करतात? पगार किती पडतो?" उत्तर द्यायला हवं ते विद्यापीठाने, कारण पदवीवर सही कुलगुरूंची असते. परीक्षेचं वेळापत्रक, निकालाची टक्केवारी, पदवीप्रदान समारंभाची छायाचित्रं, सगळं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडतं. त्या बापाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तिथे मिळालेलं नाही.

माझी मागणी एकच आहे. पदवी मिळून दीड वर्ष झाल्यावर, आणि पुन्हा चार वर्षांनी, आपला पदवीधर काय करतो आणि महिन्याला त्याच्या हातात किती रुपये पडतात, याची पाहणी प्रत्येक विद्यापीठाने स्वतः करावी. ती महाविद्यालयनिहाय आणि विषयनिहाय, प्रवेश सुरू होण्याआधी, मराठीत प्रसिद्ध करावी.

जुन्या विद्यार्थ्यांशी माझा संपर्क आहे. बॅचचे व्हॉट्सॲप गट आहेत, दिवाळीला गावी आलेले भेटून जातात. त्यातून जे दिसतं ते आपल्यापुढे ठेवते. केमिस्ट्रीची मुलं कुरकुंभ, महाड, लोटे, तारापूर अशा औद्योगिक वसाहतींत औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत जातात. रविवारी वॉक-इन इंटरव्ह्यू असतो, आदल्या रात्रीच्या एसटीने निघायचं. क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये जागा मिळाली तर घरी पेढे वाटतात. बाकीचे प्रॉडक्शनला लागतात, तीन पाळ्यांत रिॲक्टरजवळ उभे राहतात. नेमणूक बऱ्याचदा कंपनीची नसते, ठेकेदाराची असते. पगार सांगितला जातो एक आणि खोलीभाडं, मेस, येण्या-जाण्याचा खर्च वजा जाता उरतो भलताच. पण याच मुलांतला एखादा दोन-तीन वर्षं एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, हात बसवतो, दुसऱ्या कंपनीत जातो आणि त्याचा पगार एकदम वाढतो. हा जिना आहे. तो कुठून चढायचा हे पहिल्या वर्षाच्या मुलाला कुणी सांगत नाही.

इथेच ही माहिती अभ्यासक्रमाशी जोडली जाते. मुलाखतीत काय विचारतात, हे परत आलेली मुलं मला सांगतात. पीएच मीटर कॅलिब्रेट कसा करायचा, लॉगबुकमध्ये चुकलेली नोंद कशी दुरुस्त करायची, एसओपी, म्हणजे कामाची लेखी ठरवून दिलेली पद्धत, काय असते. एचपीएलसी आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवतो. ते यंत्र आमच्याकडे नाही आणि आमच्यासारख्या बहुतेक कॉलेजांकडे नसतं. पंचवीस किलोमीटरवरच्या कारखान्यात ते रात्रंदिवस चालू असतं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत "उद्योगाला काय हवं" यावर चर्चा होते तेव्हा एखादा उद्योजक बोलावला जातो. आपल्याच विद्यापीठातून गेलेल्या आणि त्या कारखान्यात चार वर्षं काढलेल्या मुलीला विचारावं असं सुचत नाही, कारण ती कुठे आहे याची नोंदच नसते.

इतर शाखांचं सांगायचं तर बीकॉमची मुलं टॅली शिकून कर सल्लागाराच्या ऑफिसात, पतसंस्थेत, कापड दुकानाच्या हिशेबाला बसतात. बीएची पुष्कळ मुलं मायक्रोफायनान्स कंपन्यांत फील्ड ऑफिसर होतात. सकाळी मोटारसायकलवरून निघायचं, वाडीवस्तीवर बायकांच्या गटाची बैठक घ्यायची, हप्ते गोळा करायचे, ज्या बाईचा हप्ता थकला तिच्या दारात उभं राहायचं. हे काम मनाला फार खातं आणि मुलं ते वर्ष-दोन वर्षांत सोडतात. कुणी आपले सरकार सेवा केंद्र चालवतं, कुणी पुण्यात घरोघरी पार्सल पोहोचवतं. काही जण शेतीच करतात, आणि त्यांतले काही ठिबक, शेडनेट, रोपवाटिका करून नोकरीवाल्यांपेक्षा बरं कमावतात. त्यांना बेकारांत मोजणं चूक ठरेल. पण मोजायला आधी विचारावं लागेल.

आणि मग स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत बसलेली मुलं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण आता आमच्या गावातही पेट्रोल पंपाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. पात्रता पदवी, मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून, अर्जाचं शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये. २०२४ मध्ये पोलीस भरतीच्या १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. तिथे पात्रता बारावी असूनही रांगेत पदवीधर होते, अभियंते होते. राज्याच्या बहुतेक पदांना वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं आहे. म्हणजे एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्या मुलाला पुढची सतरा-अठरा वर्षं "पुढची जाहिरात आली की होईल" असं म्हणत राहता येतं. मी या मुलांना दोष देत नाही. बाहेर ठेकेदाराकडची नोकरी आणि इथे निवृत्तीपर्यंतची खात्री, असा निवड करायचा प्रश्न असेल तर कुठलाही शहाणा माणूस परीक्षेलाच बसेल. पण आपल्या कॉलेजातून गेल्या पाच वर्षांत किती जण परीक्षेला बसले आणि किती लागले, हा आकडा समोर असता, तर किती वर्षं द्यायची हे त्यांना आधीच ठरवता आलं असतं. लागलेल्यांचे फलक चौकात लागतात. न लागलेल्यांची संख्या कुठेच लागत नाही.

देशभरची आकडेवारी आहे, आणि ती गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या रोजगार अहवालात, २०२२ साली तरुण पदवीधरांमधली बेकारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के दाखवली आहे. त्याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी असा काढणं घाईचं होईल. ज्याच्या घरात आज चूल पेटायची आहे त्याला बेकार राहणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम करतो. तरीही हा आकडा देशाचा आहे. त्यात माझ्या तालुक्याचं, माझ्या विषयाचं काही दिसत नाही. बापाला देशाच्या सरासरीचं काय करायचं? त्याला या कॉलेजचं, या विषयाचं हवं असतं.

आपण म्हणाल, माहिती गोळा होतेच. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल विचारली जाते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीला नोकरी लागलेल्यांची संख्या आणि त्यांचं मध्यक वेतन (पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा) कळवावं लागतं. होय, कळवलं जातं. पण ती माहिती कशी तयार होते हे आपल्यालाही माहीत आहे. मूल्यांकन समितीची तारीख आली की कॉलेजात धावपळ सुरू होते, जुन्या मुलांना फोन जातात, "तुझं नेमणूकपत्र असेल तर फोटो पाठव". ज्याच्याकडे पत्र आहे तो नोंदवला जातो. ज्याच्याकडे नाही तो नोंदीतून गळतो. ठेकेदाराकडच्या मुलाला लेखी पत्र मिळालेलंच नसतं, म्हणजे ज्याची अवस्था सगळ्यांत बिकट तोच कागदावरून नाहीसा होतो. आणि अभ्यासिकेतली मुलं? त्यांतली पुष्कळ जण एमएला किंवा एमएस्सीला नाव घालून ठेवतात, कारण वसतिगृह मिळतं, शिष्यवृत्ती मिळते आणि घरी सांगायला उत्तर मिळतं. कागदावर त्यांची नोंद "उच्च शिक्षणाकडे वाटचाल" अशी होते. सरकारी पाहणीतही तो विद्यार्थी धरला जातो, म्हणजे बेकारांत येत नाही. खरं काय चाललंय ते त्याच्या आईला माहीत असतं.

खासगी संस्थांच्या जाहिरातींचा त्रास वेगळाच आहे. "सर्वोच्च पॅकेज" मोठ्या अक्षरांत असतं. समजा ६० जणांच्या वर्गातले १२ जण नोकरीला लागले, त्यात एकाला वर्षाला १८ लाख आणि बाकीच्या ११ जणांना प्रत्येकी अडीच लाख. सरासरी येते पावणेचार लाखांच्या आसपास, आणि हा पगार त्या ६० पैकी एकालाही मिळालेला नसतो. मध्यक अडीच लाख. तोही फक्त लागलेल्यांचा. उरलेले ४८ जण हिशेबात आलेच नाहीत. पालक मात्र जाहिरातीतला आकडा वाचतो आणि शेताचा तुकडा गहाण टाकतो. सार्वजनिक विद्यापीठांनी खरा आकडा, न लागलेल्यांसकट, छापायला सुरुवात केली तर जाहिरातीतले आकडे तपासायला लोकांच्या हाती काही तरी येईल.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. ब्रिटनमध्ये पूर्वी पदवीनंतर सहा महिन्यांनी पाहणी होत असे. सहा महिन्यांत चित्र स्थिर होत नाही म्हणून ती १५ महिन्यांवर नेली गेली. तिथे पगाराबरोबर हेही विचारतात की शिकलेलं या कामात उपयोगी पडतं का, हे काम तुम्हाला अर्थपूर्ण वाटतं का. शिवाय करविभागाच्या नोंदी जोडून अनेक वर्षांनंतरचं उत्पन्नही बघतात. ब्रिटनचं राहू द्या. आपल्याच देशात आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने प्लेसमेंटचे अहवाल कसे लिहावेत याचे नियम तयार झाले, आणि त्या अहवालांची त्रयस्थांकडून तपासणी करून घेतली जाते. म्हणजे ज्याच्या हाती कुठूनही चांगली नोकरी पडणारच आहे, त्या विद्यार्थ्याला तपासलेली माहिती मिळते. आणि ज्याच्या घरचा सगळा डाव एका पदवीवर लागलेला आहे, त्याला ऐकीव गोष्टींवर निर्णय घ्यावा लागतो. ही विषमता दूर करणं आपल्या अधिकारात आहे.

महाराष्ट्रात महाविद्यालयांची संख्या साडेचार हजारांच्या वर आहे. देशात फक्त उत्तर प्रदेश आपल्या पुढे आहे. काम मोठं आहे हे मान्य. पण हाती काय काय आहे ते पाहा. पदवी प्रमाणपत्रासाठी प्रत्येक विद्यार्थी अर्ज भरतो, शुल्क भरतो. त्याच अर्जात चालू मोबाइल क्रमांक, घरातल्या एकाचा क्रमांक आणि "दीड वर्षाने आम्ही फोन करू" यासाठीची संमती घेता येते. फोन करायला माणसं हवीत तर कमवा व शिका योजनेतली मुलं आहेत. बागेत आणि ग्रंथालयात काम करतात तशी ती दिवसाला दोन तास फोनवर बसतील, मानधन मिळेल आणि आपल्या पुढच्या वाटेची माहितीही त्यांना सगळ्यांत आधी कळेल. प्रश्नावली आणि नमुना ठरवायला संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्राचे विभाग विद्यापीठाच्या आवारातच आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. हीच पाहणी त्यांतला एक प्रकल्प होऊ शकते. यासाठी बाहेरच्या सल्लागार कंपनीला कंत्राट देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न थोडे असावेत, पण नेमके. काय काम करता, कुठल्या गावी. कपात जाऊन हातात किती येतं. नेमणूक लेखी आहे का, कंपनीची की ठेकेदाराची, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का. या कामासाठी पदवी लागली का, की बारावीवरही मिळालं असतं. काम कुणाच्या ओळखीने मिळालं. स्पर्धा परीक्षा देत असाल तर किती वर्षं झाली. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये मिळतात. ती मुदतीची मदत आहे, म्हणून तिची नोंद वेगळ्या रकान्यात हवी, नोकरीत नको. नावं अर्थातच छापायची नाहीत, आणि एखाद्या विषयाला दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील तर तो आकडा मोठ्या गटात मिसळावा.

मुलींसाठी एक प्रश्न मी मुद्दाम जोडायला सांगेन: काम सोडलं असेल तर का सोडलं. माझ्या वर्गात मुली जास्त, पहिल्या दहांत मुली जास्त. दोन वर्षांनी पाहावं तर लॅबमध्ये मुलगे दिसतात. लग्न हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. रात्रपाळीनंतर परतायला वाहन नाही, औद्योगिक वसाहतीजवळ मुलींना सुरक्षित वसतिगृह नाही, दुसऱ्या जिल्ह्यात एकटीला खोली कुणी देत नाही. आणि नोकरी सुटली की मग लग्न ठरतं, हा क्रम मी अनेक घरांत पाहिला आहे. राज्याने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी दिली, ते चांगलंच झालं. त्या मुली शिकून पुढे कुठे अडतात हे कळलं तर पुढचा पैसा बसवर खर्च करायचा की वसतिगृहावर, हे ठरवता येईल. एका वसाहतीपुरती ही आकडेवारी हाती आली तरी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि एसटीच्या आगारात जाऊन भांडता येतं.

एक भीती मला सहकाऱ्यांकडून ऐकायला मिळते, आणि ती खोटी नाही. हे आकडे बाहेर आले की मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान यांचे पगार कमी दिसतील आणि सरकार त्या तुकड्यांचं अनुदान काढून घेईल. मी स्वतः विज्ञानाची असूनही सांगते, असं झालं तर ते पाप होईल. इतिहास शिकलेला मुलगा गावच्या ग्रामसभेत उभा राहून सातबाराचा आणि गायरानाचा मुद्दा मांडतो, त्याचं मोल वेतनाच्या रकान्यात बसत नाही. म्हणूनच पाहणी जाहीर करताना तिच्या आधारे कुठलीही तुकडी बंद केली जाणार नाही, अनुदान कापलं जाणार नाही, असा ठराव विद्या परिषदेने आणि व्यवस्थापन परिषदेने करून ठेवावा. पण माहिती दडवून कला शाखा वाचते आहे असंही नाही. तुकड्या रिकाम्या होतच आहेत. "बीए करून काय होतं" ही चावडीवरची अफवा आज आकड्यांविना सगळ्यांना पटते. दीड वर्षाने कमी दिसणारा बीएचा पगार चार वर्षांनी कुठे जातो, हे एकदा खरोखर पाहू या. मला वाटतं, काही महाविद्यालयांच्या बाबतीत आपण चकित होऊ.

शेवटी एक विषय आपल्या अगदी घरचा आहे. विद्यापीठाच्या सर्वांत हुशार पदवीधरांपैकी काही जण एमएस्सी करतात, नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास होतात, पीएचडी करतात आणि आपल्याच संलग्न महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवायला येतात. नियमित सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. तासिकेवाल्याला २०२३ च्या वाढीनंतरही पदवीच्या वर्गासाठी तासाला ९०० रुपये, तेही ठरलेल्या तासांपुरते. नेमणूक एका सत्राची, मानधन महिनोन्‌महिने उशिरा, सुट्टीत काही नाही. काही जण या पद्धतीने शिकवता शिकवता चाळिशी ओलांडतात. माझ्या विभागात माझ्या शेजारी असा एक शिक्षक उभा असतो. तो माझ्याइतकंच, कधी माझ्याहून चांगलं शिकवतो, आणि मुलांना त्याच्याकडे पाहून कळतं की पीएचडीनंतर काय होतं. पद भरायची परवानगी शासनाच्या हातात आहे हे मी जाणते. पण किती पीएचडीधारक किती वर्षं तासिकेवर आहेत, ही यादी विद्यापीठाकडून शासनाकडे आणि वर्तमानपत्रांकडे दर वर्षी जायला कुणाची परवानगी लागते? पाहणीची सुरुवात इथूनच करा. या पदवीधरांचे पत्ते शोधावे लागणार नाहीत, त्यांची हजेरीपत्रकं आपल्याच महाविद्यालयांत आहेत.

आपल्या अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांचे १० निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. विधान परिषदेत राज्याच्या सात पदवीधर मतदारसंघांतून आमदार जातात. निवडणूक आली की या पदवीधरांची नावं घरोघरी जाऊन नोंदवली जातात, अर्ज भरून घेतले जातात. ज्यांच्या मताने हे सदस्य सभागृहात बसले, त्यांची आजची परिस्थिती काय, हा प्रश्न अधिसभेत मांडायला या सदस्यांनीही पुढे यावं. या पत्राची प्रत मी माझ्या विद्यापीठाच्या अधिसभा सदस्यांनाही पाठवत आहे.

अधिसभेची अर्थसंकल्पी बैठक मार्चमध्ये असते. त्या बैठकीत या पाहणीसाठी खर्चाचं एक लेखाशीर्ष उघडा, रक्कम लहान असली तरी चालेल. पहिल्या वर्षी प्रत्येक जिल्ह्यातली चार-पाच महाविद्यालयं घ्या, त्यात एक तरी आदिवासी भागातलं आणि एक मुलींचं असावं. फोन करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण द्यायला मी माझ्या सुट्टीत, स्वखर्चाने येईन. आमच्या रसायनशास्त्र विभागाची जुन्या विद्यार्थ्यांची संपर्कयादी, त्यांची संमती घेऊन, पहिल्या दिवशी आपल्या हवाली करेन.

आपली नम्र,
तालुक्याच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका